पाणी सोडण्याआधी

चि. मनूस,


तुझं पत्र मिळालं. दादाने डाळिंबाचं पाणी तोडलंय, पानं पिवळी पडू लागलीत आणि तुला ते बघवत नाही. ज्वारीची पानं दुपारी वळून सुरळीसारखी होतात. घरामागची टोमॅटोची रोपं माना टाकतात आणि तू धावत जाऊन नळी सोडतेस. त्यात कुणी तरी तुला ‘झाडं किंचाळतात’ असा व्हिडिओ पाठवला. तुझा जीव कळवळतो हे चांगलंच आहे, तो कळवळा तसाच राहू दे. पण आता रान तुझ्या हाती येणार आहे, म्हणून आज एकच गोष्ट सविस्तर लिहिते. झाड अडचणीत आलं की आधी ते स्वतः काही तरी करतं. ते काय करतंय हे कळल्याशिवाय तू काही करू नकोस.

टोमॅटोपासून सुरुवात करते. भर दुपारी पानातून जितकं पाणी उडतं तितकं मुळांना त्या वेगाने वर पोचवता येत नाही. मातीत ओल असूनही पानं लोंबतात आणि ऊन उतरलं की सावरतात. हा आजार नाही. ताठ पानापेक्षा लोंबलेल्या पानावर ऊन कमी पडतं, तेवढाच त्याचा बचाव. म्हणून दुपारी झाड बघून पाण्याचा निर्णय घेऊ नये. सूर्य उगवायच्या सुमाराला जा. रात्रभर मुळांनी पाणी ओढून पानं ताठ झालेली असतात. त्या वेळीही मान पडलेली दिसली तर काही तरी बिघडलंय असं समज.

पण तेव्हाही लगेच नळी नको. आधी खुरप्याने मुळाजवळ वीतभर माती उकर आणि मुठीत दाबून बघ. कारण पाणी जास्त झालं तरी झाड असंच मान टाकतं. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा उरत नाही, मुळांचा श्वास कोंडतो. श्वास कोंडलेलं मूळ पाणी आत घेण्याचे स्वतःचेच सूक्ष्म मार्ग बंद करतं, आणि मग गुडघाभर पाण्यात उभं असलेलं झाडही वर तहानेने सुकतं. अशा झाडाला आणखी पाणी देणं म्हणजे त्याचा घात करणं. वाफसा असेल तर मुळांना पाणी आणि हवा दोन्ही मिळतात. तुझे आजोबा पाणी द्यायच्या आधी माती हातात घेत, ती सवय तू उचल.

आता पानात काय होतं ते सांगते, म्हणजे डाळिंबाचं आणि ज्वारीचं आपोआप उलगडेल. पानावर सूक्ष्म छिद्रं असतात, आपण त्यांना पर्णरंध्रं म्हणतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड तिथून आत येतो, त्याचं अन्न होतं. पण रंध्र उघडलं की आतली वाफ बाहेर जाते. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी जवळजवळ सगळं, शंभरातले ९७ हून अधिक भाग, असं उडून जातं. प्रत्येक रंध्राच्या दोन्ही बाजूंना एकेक रक्षक पेशी असते. पाण्याने फुगली की रंध्र उघडतं, सैल पडली की मिटतं. कोरड पडली की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. ते रक्षक पेशींपर्यंत पोचलं की पेशीतलं पालाश बाहेर पडतं, पालाशामागे पाणी जातं आणि रंध्र मिटतं. १९६० च्या दशकात हे संप्रेरक सापडलं तेव्हा पानं आणि बोंडं गळण्याशी त्याचा संबंध जोडला होता. कोरडीतलं त्याचं काम नंतर हळूहळू उलगडलं.

मला स्वतःला सगळ्यात मोलाचा वाटतो तो इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातला प्रयोग. १९८० च्या दशकात विल्यम डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच झाडाची मुळं दोन कुंड्यांत विभागली. एका कुंडीला पाणी दिलं, दुसरी कोरडी ठेवली. ओल्या कुंडीतून पानांना पुरेसं पाणी मिळत होतं, पानं ताठ होती, तरीही रंध्रं काही अंशी मिटली. म्हणजे पानाला तहान लागण्याची वाट झाड बघत नाही. मातीचा एक कोपरा कोरडा पडताच मूळ वर सांगावा धाडतं आणि पान खर्च कमी करतं. ऑस्ट्रेलियातल्या द्राक्षबागायतदारांनी यावरून एक पद्धतच बसवली: वेलीच्या एका बाजूला पाणी, दुसरी बाजू कोरडी, काही दिवसांनी अदलाबदल. त्यामुळे पाणी वाचलं आणि वेलीची फाजील वाढही आवरली. अलीकडे, २०१८ साली, जपानी संशोधकांनी मुळाकडून पानाकडे जाणारा एक इवलासा प्रथिनाचा तुकडाही शोधला. तो पानात पोचला की तिथे अ‍ॅब्सिसिक आम्ल तयार व्हायला लागतं.

रंध्र मिटणं फुकट होत नाही. अन्न तयार होणं घटतं. वाफ उडाली की पान थंड राहतं, तेही थांबतं, पान तापतं. वर ऊन पडतच असतं, त्या ऊर्जेला काम उरत नाही आणि पेशीला जाळणारी द्रव्यं तयार होतात. ती निष्प्रभ करायला झाड वेगळी रसायनं बनवतं. पेशीत साखर आणि प्रोलीन साठवून उरलेलं पाणी धरून ठेवतं. वरची वाढ थांबवतं, पण मुळं खाली वाढवत राहतं. जुनी पानं सोडून देतं आणि त्यातला नत्र कोवळ्या भागाकडे वळवतं. वाईट वर्षात घरचा कर्ता माणूस लग्नकार्य पुढे ढकलतो, अंगावरचं मोडतो, पण बियाण्याच्या कणगीला हात लावत नाही, तसं हे आहे. तुला खालचं पिवळं पान दिसतं तेव्हा ते याच हिशेबाने सोडलेलं असतं.

त्या व्हिडिओतली गोष्ट खोटी नाही, पण सांगण्याची तऱ्हा चुकीची आहे. तेल अवीव विद्यापीठात लिलाख हदानी यांच्या गटाने २०२३ मध्ये हे प्रसिद्ध केलं. पाणी तोडलेली टोमॅटोची झाडं तासाला सरासरी ३५ च्या आसपास टकटक आवाज करतात, तंबाखूची त्याहून कमी. पाणी मिळालेली झाडं तासाला सरासरी एकापेक्षाही कमी. आवाज आपल्या कानाच्या पलीकडचा, ४० ते ८० किलोहर्ट्‌झचा. झाड सुकलेलं दिसायच्या आधीच तो सुरू होतो. बहुधा पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांवर ताण वाढून त्यात हवेचे बुडबुडे फुटतात, त्याचा हा आवाज. तो ओरडण्यासाठी काढलेला नाही. जगदीशचंद्र बोस यांनी शंभर वर्षांपूर्वी झाडांची हालचाल आणि विद्युत प्रतिसाद मोजणारी उपकरणं बनवली, वनस्पती निर्जीव ठोकळे नाहीत हे दाखवून दिलं. त्यांचा मला फार आदर आहे. पण झाडाला आपलं रडणं चिकटवलं की आपण त्याचं खरं बोलणं ऐकेनासे होतो आणि घाबरून भलत्या वेळी पाणी सोडतो. झाडाला आपली दया लागत नाही, आपलं लक्ष लागतं.

आता डाळिंब. दादा जे करतोय ते क्रौर्य नाही, बहर धरणं आहे. आपल्या हवेत डाळिंबाला बारा महिने थोडीथोडी कळी येते आणि वर्षभर चिल्लर फळ लागून झाड थकतं, मालही एकसारखा निघत नाही. म्हणून शेतकरी मृग, हस्त किंवा आंबे यांपैकी एक बहर निवडतो. आंबे बहरासाठी आता पाणी तोडायचं. पाणी तुटलं की नवी फूट थांबते. पण पानं काही दिवस अन्न करत राहतात, आणि वाढीत न गेलेलं ते अन्न काडीत साठतं. मग पानगळ होते, झाड विसाव्यात जातं. नंतर छाटणी, खत आणि पाणी मिळालं की साठलेल्या अन्नाच्या जोरावर नव्या फुटीबरोबर कळी एकदम निघते. विदर्भातले संत्रा बागायतदारही हेच करतात, फक्त त्यांच्या जमिनी आणि झाडाचा स्वभाव वेगळा.

यात चुकायला जागा खूप आहे आणि तुझं लक्ष इथे हवं. पाणी तोडून दिलेला हा ताण किती दिवसांचा हे पंचांग सांगत नाही, माती सांगते. आपल्या बांधाकडच्या मुरमाड हलक्या पट्ट्यात महिनाभरात झाड ताणावर येतं, खालच्या काळ्या रानात त्याहून एकदोन आठवडे जास्त लागतात. दोन्हीकडे एकाच दिवशी पाणी तोडून एकाच दिवशी सोडणं चूक. हलक्या रानातली काडी आधीच सुकायला लागेल आणि काळ्या रानातलं झाड अजून ताणावर आलेलंच नसेल. दादाला सांग, या वर्षी दोन्ही भागांचे व्हॉल्व्ह वेगळे करून घ्या. पानं पिवळी होऊन काही गळू लागली, शेंड्याची फूट थांबली, काडी मात्र नखाने खरवडल्यावर आत हिरवी राहिली, म्हणजे ताण बसला. काडी आतून तपकिरी दिसली तर मर्यादा ओलांडली.

उरलेली पानं एकदम गळावीत म्हणून इथरेल फवारतात. त्यातून इथिलिन निघतं, जे झाड स्वतःही पान सोडताना बनवतं. म्हणजे झाडाने सुरू केलेलं काम आपण पूर्ण करतो. झाड ताणावर आलेलं नसताना औषधाच्या जोरावर पानं पाडली तर काडीत अन्नच नसतं, मग फूट निघते, कळी निघत नाही. प्रमाण सोलापूरजवळच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या किंवा राहुरीच्या विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच घ्या, शेजारच्याच्या अंदाजाने नको.

जे झाड मर रोगाने खंगलंय, ज्याच्या खोडात किडीची भोकं आहेत, ज्याने मागचा बहर जड घेतला, त्याला ताण देऊ नका. नव्या लागवडीलाही नको. निरोगी झाड ताणातून फूल काढतं, आजारी झाड त्याच ताणात जातं. प्रत्येक ओळीतून फिर आणि अशा झाडांना रंगाची खूण कर.

ताण तोडताना पहिलं पाणी बेताचं असू दे, मग हळूहळू वाढव. आणि फळ धरल्यावर पाणी एकसारखं ठेव. आठवडाभर कोरडं आणि मग भरपूर पाणी दिलं तर ताणलेली साल आतल्या वाढीला पुरत नाही आणि फळ तडकतं. बोरॉनची कमतरताही तडकण्याला कारण होते, पण आपल्याकडे बहुतेक वेळा पाण्याची अनियमितताच कारण असते. ताणाचा उपयोग कळी येण्याआधी असतो. फळ झाडावर असताना दिलेला ताण निव्वळ नुकसान.

ज्वारीबद्दल मात्र मी तुला घाई करायला सांगणार आहे.

आपली मालदांडी ३५-१ ही मोहोळला १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेली. सोलापुरात १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं ते याच मुलखाचा विचार करून, जिथे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तोही लहरी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नव्वद वर्षं ही जात टिकली याचं कारण तिच्या ताटात आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि त्यानंतर पाऊस पडेल असं धरायचंच नाही, काळ्या मातीने धरलेल्या ओलीवर कणीस भरायचं. मुळं दीड मीटर आणि त्याहूनही खोल जातात. ताटावर आणि पानावर पांढरं मेण असतं, त्याने वाफ अडते. पानाच्या वरच्या बाजूला मोठ्या, पाण्याने भरलेल्या पेशींच्या रांगा असतात. त्या सैल पडल्या की पान आत वळतं आणि उन्हाला उघडी असलेली बाजू कमी होते. तू दुपारी बघतेस ती सुरळी हीच. संध्याकाळी पान उघडत असेल तर काळजी नको. सकाळी आठला सुरळी दिसली तर मात्र ओल खाली गेलीय असं समज.

पेरणीच्या तारखेवरून तुझी ज्वारी आता पोटरीत आहे. कणीस पानाच्या आवरणात दडलेलं असतं आणि त्यात किती दाणे धरायचे हे याच दिवसांत ठरतं. पोटरीपासून फुलोऱ्यापर्यंतची कोरड मागाहून कितीही पाणी दिलं तरी भरून निघत नाही. याआधी बसलेला थोडा ताण उलट मुळांना खाली ढकलतो. विहिरीत एकाच पाण्यापुरती सोय आहे असं तू लिहिलंस. डाळिंबाचं पाणी तुटलेलं आहे, म्हणजे ते पाणी मोकळं आहे. नाल्याकडच्या मध्यम रानातल्या ज्वारीला ते या आठवड्यात दे. खालच्या खोल काळ्या रानाला नाही दिलं तरी चालेल, तिथे मातीत साठा आहे. सगळीकडे थोडंथोडं शिंपडून दोन्हीकडचं वाया घालवू नकोस.

खालच्या रानात भेगा पडल्या असतील, तिथे कोळपं घाल. भेगेतून खोलवरची ओल वाफ होऊन जाते आणि कोवळी मुळं तुटतात. वरचा दोन बोटं थर भुसभुशीत झाला की खालची ओल वर चढून उडत नाही. आपल्याकडची जुनी माणसं कोळपणीला अर्धं पाणी म्हणत, आणि यात शास्त्राला खोडायला काही नाही. ताटं आता उंच झालीत म्हणून गडी कुरकुर करतील, तरी करून घे.

दाणे भरताना ओल संपली तर आणखी एक धोका आहे. पानं अन्न कमी करू लागली की कणीस ताटातली साखर ओढून घेतं. ताट आतून पोकळ, दुबळं होतं आणि जमिनीतली बुरशी त्यात शिरते. हाच खडखड्या. ताटं बुडातून मोडून आडवी होतात, दाणा बारीक राहतो आणि कडबाही काळपट होतो. कणीस भरेपर्यंत पानं हिरवी ठेवणारी ज्वारी यात तगते, म्हणून बियाण्यासाठी कणसं निवडताना फक्त मोठं कणीस बघू नकोस, त्याच्या ताटाचं पान त्या दिवशी किती हिरवं आहे तेही बघ.

गायी आहेत म्हणून हे वेगळं लिहिते, विसरू नकोस. कोवळ्या ज्वारीत एक द्रव्य असतं, ते पोटात गेलं की हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. पाण्याच्या ताणात वाढ खुंटलेल्या ताटात ते वाढतं आणि काढणीनंतर धसाला फुटलेल्या कोवळ्या फुटीत फारच असतं. अशी फूट चरल्यावर जनावर काही मिनिटांत कोसळू शकतं. काढणी झालेल्या रानात फूट दिसली तर गुरं सोडू नका. चांगला वाळलेला कडबा निर्धोक असतो.

रोपवाटिका करायचा तुझा विचार मला आवडला. तिथे ताणाचा चांगला उपयोग होतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात दिसलं की एकदोनदा कोरड सोसून सावरलेलं झाड पुढच्या कोरडीत पाणी अधिक जपून वापरतं. काही जनुकं आधीच्यापेक्षा जोरात कामाला लागतात आणि ही आठवण काही दिवस टिकते, मग पुसली जाते. लावणीआधी आठवडाभर रोपांचं पाणी कमी करून त्यांना उन्हात ठेवणारे माळी हेच साधतात. जास्त लाडात वाढलेलं, लुसलुशीत रोप गिऱ्हाइकाला आवडतं, पण रानात गेल्यावर तेच आधी मरतं. तुझ्या रोपवाटिकेतून असं रोप जाऊ देऊ नकोस.

आणि मनू, आता तुझ्या दारात ‘ताण घालवणारी’ औषधं घेऊन माणसं येतील. बाटलीवर झाडाचं चित्र छान असेल. त्यातली काही उपयोगी असतीलही, पण झाडाच्या बुडाशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन आणि मातीत पुरेसं पालाश असल्याशिवाय त्यांचा विचारही करू नकोस. रंध्रं मिटण्या-उघडण्याचं काम पालाशावर चालतं हे वर लिहिलंच आहे.

एका गोष्टीने मात्र मला खरी चिंता वाटते, ती म्हणजे बोअरचं पाणी. ड्रिपरभोवती पांढरं कडं उमटतं असं तू ओझरतं लिहिलंस. ते क्षार आहेत. खाऱ्या मातीत पाणी असूनही मुळांना ते ओढता येत नाही, आणि सोडियम-क्लोराइड पानाच्या कडांशी साठून कडा करपतात. अशा झाडाला आपण ताण समजून बोअरचंच पाणी वाढवतो आणि क्षार आणखी घालतो. ज्वारीला पाणी देऊन झालं की लगेच बोअरच्या पाण्याचा आणि डाळिंबाच्या दोन्ही पट्ट्यांतल्या मातीचा नमुना तपासणीला दे. अहवाल आला की मला पाठव. पाण्यातले क्षार किती आहेत हे कळल्याशिवाय डाळिंबाचं पहिलं पाणी सोडू नका, आणि विहिरीत पाणी उरलं तर तोवर ते त्यासाठी राखून ठेवा.

दादाला आणि वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या